टाचेच्या शिरांपासून

बिर्गिट पहिल्यांदा एकटी माझ्या दुकानात आली ती मीठ घ्यायला. मीठ हे निमित्त होतं. मिठाची पुडी हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली आणि रडायला लागली.

गावात दुकान एवढं एकच. पीठ, मीठ, तेल, मेणबत्त्या, रबरी बूट आणि लोकांच्या घरातल्या भानगडी, सगळं माझ्याकडे मिळतं. माझं नाव विदोसावा, पण मला सगळे विदा म्हणतात. तोंड फटकळ आहे असंही म्हणतात, आणि ते खोटं नाही. मी तिला स्टूल दिलं आणि म्हटलं, "रड, पण पुडी बाजूला ठेव. मीठ ओलं झालं तर परत घेणार नाही."

बिर्गिट आमच्या ब्रातिस्लावची बाई. ब्रातिस्लाव म्हणजे दोब्रोसावचा एकुलता एक मुलगा, आणि दोब्रोसाव माझा चुलतभाऊ. पोरगा तरुणपणी ऑस्ट्रियात लिंझला गेला, तिथे इमारतींच्या कामावर राबला आणि तिथेच त्याला ही भेटली. विम्याच्या कचेरीत काम करणारी, गोरीपान, नाजूक हातांची. दोघं कित्येक वर्षं एकत्र राहत होती, पण लग्न केलं नव्हतं. बिर्गिटचं पहिलं लग्न वाईट रीतीने मोडलं होतं, आणि पुन्हा कुठल्याही कागदावर सही करणार नाही असं तिने ठरवलं होतं. दोब्रोसावचंही ठरलेलं होतं. "आमच्या चर्चमध्ये डोक्यावर लग्नाचा मुकुट चढला नाही, तोवर ती सून नाही," तो म्हणायचा. "पाहुणी आहे. पाहुणीसारखी यावी, पाहुणीसारखी राहावी."

आणि दोब्रोसावने तिला खरोखरच पाहुणीसारखं ठेवलं. अपमान केला असता तर एक वेळ बरं झालं असतं, भांडून मोकळी तरी झाली असती. त्याने तिचा मान ठेवला. दर उन्हाळ्यात ती यायची, तेव्हा कॉफीचा पहिला कप तिला. कोंबडीचा चांगला तुकडा तिला. खिडकीजवळची खुर्ची तिची. ती ताट उचलायला गेली की रुमेना, दोब्रोसावची बायको, हळूच तिच्या हातातून ते काढून घ्यायची आणि म्हणायची, "बस गं, तू पाहुणी." आमच्याकडे पाहुण्याला काम करू देणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं.

"विदा," बिर्गिट त्या दिवशी नाक पुसत म्हणाली, "मी तिथे काय करू?"

"बस."

"बसून बसून मी थकले."

ती आमची भाषा शिकवणी लावून शिकली होती. त्यामुळे ती अगदी शुद्ध बोलायची, आणि तिला शुद्ध उत्तर मात्र कोणी द्यायचं नाही. मी तिला रुमेनाची गोष्ट सांगितली. रुमेना या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूने तिला वर्षभर नावाने हाक मारली नव्हती. पण ती पहाटे उठून गोठा साफ करायची, वरच्या रानातून गवताचे भारे आणायची, आणि एक दिवस सासू माझ्या आईला म्हणाली, 'पोरगी टाचेच्या शिरांपासून राबते.' त्या दिवसापासून रुमेना घरची झाली.

"टाचेच्या?" बिर्गिटने विचारलं. "टाचेत कुठे जोर असतो? जोर हातात असतो, पाठीत असतो."

"आम्ही काय टाच कापून पाहिली आहे? म्हणतात म्हणून म्हणतो. एखादा सगळा जीव ओतून काम करतो, तेव्हा म्हणायचं."

तिने ते शब्द दोनतीनदा पुटपुटले. मग म्हणाली, "माझ्याबद्दल असं कोणी म्हणावं असं मला वाटतं. पण म्हणतील कसं? मला चमचासुद्धा उचलू देत नाहीत."

मी मिठाचे पैसे घेतले नाहीत, एवढंच केलं.

दोब्रोसाव गेला तो नोव्हेंबर संपता संपता, लाकडं फोडताना. कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली आणि तो बाजूला पडलेला. रुमेनाला वाटलं, दमून टेकला आहे. ब्रातिस्लाव आणि बिर्गिट बातमी कळताच गाडी काढून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. मी तिथेच होते, स्वयंपाकघरात अक्रोड फोडत. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी गहू शिजवतात, त्यात साखर आणि अक्रोड घालतात. त्याशिवाय कोणाला निरोप देत नाहीत.

रुमेना दारात उभी होती. मुलाला तिने जवळ घेतलं. मग बिर्गिटकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, बस, दमली असशील, कॉफी करते. ती तसं म्हणाली नाही. तिने खुंटीवरचा काळा रुमाल काढला, बिर्गिटच्या डोक्याला बांधला, हनुवटीखाली गाठ मारली आणि म्हणाली, "सूनबाई, गहू उतू जातील, बघ जरा."

बिर्गिट धावली. कोटही काढला नाही, तशीच चुलीकडे धावली. दोब्रोसाव होता तोवर घरात त्याचा शब्द चालायचा. तो गेल्यावर रुमेनाचा शब्द चालू झाला, आणि तिने तो पहिल्यांदा यासाठी वापरला. घरात माणूस मरून पडलेला असताना कोणाचा चेहरा उजळू नये. पण बिर्गिटचा उजळला, आणि मला त्यात काही वाईट दिसलं नाही.

संध्याकाळभर ती खपत होती. भांडी घासली, पाणी आणलं, येणाऱ्या प्रत्येकाला राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, पेला दिला, ओल्या बुटांचा चिखल पुसला. रुमेना तिला ओरडत होती. "असं ढवळतात का? लापशी करायची आहे का त्याची?" "अगं, मेणबत्ती डाव्या हाताने लावत नाहीत." दर वेळी बिर्गिट मान खाली घालून "हो आई" म्हणायची. पाहुण्यांना कोणी ओरडत नाही, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. एकदा ती माझ्या जवळून गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "दमलीस?" ती म्हणाली, "विदा, मी आयुष्यात इतकी दमले नाही." सणाला नवे कपडे मिळालेलं पोर बोलतं तशी बोलली.

दफन दुसऱ्या दिवशी दुपारी. आमच्याकडे खड्डा आदल्या दिवशी खणत नाहीत. रिकामा खड्डा रात्रभर उघडा राहू देत नाहीत आणि एकदा उघडला की रिकामा बुजवत नाहीत. तो माणूस घेतोच. म्हणून खणणारे सकाळी जातात. आणि खणतात ते शेजारी. घरचे आणि रक्ताचे फावड्याला हात लावत नाहीत. घरच्याने आपल्याच माणसासाठी खणलं, तर त्या घरातला पुढचा माणूस वर्षाच्या आत जातो. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि जे मानत नाहीत तेही पाळतात. दोब्रोसाव स्वतः चाळीस वर्षं गावातले खड्डे खणत आला, पण आपल्या आईच्या वेळी हात पाठीमागे बांधून उभा होता.

पूर्वी यात अडचण नव्हती. पण आता आमच्या डोंगरावर बहुतेक दारांना कुलपं आहेत, आणि जे मागे राहिले ते सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. दोब्रोसावशी रक्ताचं नातं नसलेले आणि फावडं पेलू शकणारे असे गावात तिघेच उरले होते. रांजेल, सगळ्यांत म्हातारा, खड्ड्याची मापं त्याला तोंडपाठ. योर्दान, अर्धा बहिरा. आणि तिहोमिर, आमच्यातला तरुण, म्हणजे पेन्शन नुकती चालू झालेला.

सकाळी बिर्गिट टोपलीत पाव आणि राकियाची बाटली घेऊन निघाली. खणणाऱ्यांना न्याहारी नेणं हे घरच्या सुनेचं काम. वाट दाखवायला मी बरोबर होते, आणि घरात बसवेना म्हणून ब्रातिस्लावही आला. हलका बर्फ मिसळलेला पाऊस पडत होता. दफनभूमी वर टेकाडावर आहे. ट्रॅक्टर खालच्या वळणापर्यंतच जातो, तिथून शवपेटी खांद्यावर न्यावी लागते. खणायचं यंत्र तिथे चढवायचं तर आधी डोंगर खणावा लागेल.

वर पोचलो तर तिहोमिर गवतावर कुशीवर पडलेला, चेहरा पांढराफटक. रांजेल खड्ड्यात उभा, मांडीपर्यंतच. योर्दान काठावर बसून धापा टाकत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"दगड," रांजेल म्हणाला. "हा एवढा, पाटासारखा आडवा. तिहोमिरने पहार घातली आणि त्याच्या पाठीत उसण भरली. हलता येत नाही त्याला."

"बोलता येतं," तिहोमिर गवतातून म्हणाला. "मेलो असतो तर इथेच सोय झाली असती."

कोणी हसलं नाही. खड्ड्याच्या तळाशी करडा दगड दिसत होता, आणि तो निघाल्याशिवाय पेटी खाली जाणार नव्हती. खाली पिरोत शहरातून मजूर बोलवायचे तर ते उद्या येणार. पाद्रीबाबा दुपारी येणार आणि तिथून आणखी एका गावी जाणार. आणि खड्डा तर उघडला होता.

ब्रातिस्लावने कोट काढून गवतावर टाकला, खड्ड्यात उडी मारली आणि पहार हातात घेतली. रांजेलने पहारीचं दुसरं टोक धरलं आणि सोडलं नाही.

"वर हो."

"काका, मी रोज काँक्रीट फोडतो. अर्ध्या तासात काढतो हा दगड."

"फोड काँक्रीट. इथे नाही."

"हे सगळं खूळ आहे."

"असेल," रांजेल म्हणाला. "घरी जा आणि आईला सांग, मी खड्डा खणला, पण घाबरू नकोस, ते सगळं खूळ आहे. तिचं काळीज आधीच कसं चालतंय ते तुला माहीत आहे. मग वर्षभर लिंझहून रोज फोन करत राहा, अजून आहे का म्हणून."

ब्रातिस्लावने पहार सोडली, वर आला, दगडी कुंपणावर बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला. बापासाठी तो तोवर रडला नव्हता. त्याला कामाशिवाय दुसरं काही येत नाही, आणि तेच हातातून काढून घेतल्यावर बिचारा काय करणार.

रांजेलने पुन्हा प्रयत्न केला. पहार दगडाखाली घातली, लोंबकळला. योर्दान त्याच्या जोडीला लागला. दोघांनी मिळून जोर लावला, पण म्हाताऱ्यांचं तो दगड काही ऐकेना. शेवटी रांजेल काठावर टेकला आणि पावसाकडे बघत म्हणाला, "परका माणूस हवा. एक तरी परका हवा. अख्खं गाव दोब्रोसावचं नातलग. इथे परका आणायचा कुठून?"

मी बिर्गिटकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. पण आम्ही सगळ्यांनीच मुद्दाम पाहिलं नाही, आणि ती काही मूर्ख नव्हती.

तिने टोपली खाली ठेवली. "विदा, मी घरची आहे का?"

"काल रुमेना म्हणाली ना."

"चर्चमध्ये?"

"चर्चमध्ये नाही."

"कागदावर?"

"कागदावर तर नाहीच."

"मग मी खणू शकते."

"बाईमाणूस खड्ड्यात उतरत नाही," रांजेल म्हणाला.

मला राग आला. "मग पुरुष आण. आण ना. कुठल्या खिशात ठेवला आहेस? बायका उरल्या आहेत म्हणून या गावात दिवा तरी लागतो." पण रांजेलवर ओरडणं सोपं होतं. अवघड ते बिर्गिटला सांगायचं होतं, आणि ते माझ्याशिवाय कोणी सांगणार नव्हतं.

"पोरी, नीट ऐक," मी म्हटलं. "पहार हातात घेतलीस की तू परकी. हा रुमाल काढावा लागेल. पेटीजवळ उभं राहायचं नाही. लोक घरच्यांच्या हातात हात देऊन दुःख करतील, तुझ्या हातात देणार नाहीत. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आणि रुमेना तुला सून म्हणणार नाही. म्हणालीच तर घरच्याने खणलं असं होईल, आणि ते रुमेनाच्याच जिवावर बेतेल."

"किती दिवस?"

"चाळिसाव्या दिवसाचं जेवण होईपर्यंत तरी. पुढचं मी सांगू शकत नाही. म्हातारी माणसं आहेत ही, एकदा मनात बसलं की बसलं."

ब्रातिस्लाव कुंपणावरून उठला. "बिर्गिट, नको. इतकी वर्षं तू याचीच वाट पाहत होतीस."

ती त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. थोडंच बोलली. त्याने मान खाली घातली. नंतर मी त्याला विचारलं, तेव्हा कळलं. ती म्हणाली होती, तुझ्या आईला एकच रात्र मी सून म्हणून मिळाले, पण मला ती जिवंत हवी आहे.

मग तिने हनुवटीखालची गाठ सोडायला घेतली. पावसाने कापड आवळलं होतं, गाठ सुटेना. मी मदत केली नाही. करावीशी वाटली, पण ते तिनेच करायचं होतं. रुमाल सुटल्यावर तिने त्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिला. तिचे केस ओले होऊन कपाळाला चिकटले. त्या क्षणी ती खरंच परकी दिसली, कुठूनतरी वाट चुकून आल्यासारखी.

तिहोमिरचे रबरी बूट तिच्या पायात ढगळ होत होते. ती खड्ड्यात उतरली. पहार उचलली आणि कचेरीतली माणसं जशी कुदळ मारतात तशी मारली. पहार दगडावरून घसरली, दगडाला काही झालं नाही, तिचा तळवा मात्र सोलला.

"हातांनी नको," रांजेल म्हणाला. "हात दमतात. कंबरेनेही नको, तो बघ तिहोमिर."

"माझं नाव कशाला घेता," तिहोमिर कण्हला.

"पहार खाली घाल. आणखी. आता खांदा लाव तिला. डावा पाय मागे घे, टाच भिंतीला रोव. रोवलीस? आता हात विसर. टाचेने जमीन ढकल, बाकीचं आपोआप येतं."

बिर्गिटने त्याच्याकडे पाहिलं. "टाचेच्या शिरांपासून," ती म्हणाली.

रांजेल थबकला. "हे तुला कोणी शिकवलं?"

"विदाने. मला वाटलं, ते नुसतं म्हणायचं असतं."

"नुसतं म्हणायचंच असतं. आज म्हणून भागणार नाही."

तिने टाच रोवली. मी पाहत होते. आधी तिच्या खांद्याला थरथर सुटली, मग ती थरथर कमरेतून खाली उतरली आणि पायात गेली. चेहरा लाल झाला, मग काळपट. योर्दान खाली उतरला आणि तिच्या जोडीने पहारीला भिडला, वरून रांजेलही लागला. दगड हलला नाही, नुसता कुरकुरला. तिने श्वास घेतला, टाच काढून पुन्हा रोवली. बूट घोट्यापर्यंत मातीत गेला होता. पुन्हा. त्यानंतर आणखी कितीदा ते मी मोजलं नाही. मला फक्त एवढं आठवतं की शेवटी दगडाने एक कड उचलली, आणि योर्दानने चपळाईने खाली लाकूड सारलं, इतक्या चपळाईने की तो म्हातारा आहे हे मी विसरले. मग मला तिथे थांबायला कारण उरलं नाही. घडी घातलेला रुमाल घेऊन मी खाली निघाले.

रुमेना पेटीजवळ बसली होती. मी रुमाल तिच्या मांडीवर ठेवला.

"काढला?" तिने विचारलं.

"काढला."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि एका हाताने पेटीची कड चाचपत होती. मला भीती वाटली की तिला राग येईल, घरात घेतलेली सून एका रात्रीत रुमाल काढून देते म्हणजे काय. 

"वेडी," रुमेना म्हणाली. "मी धड तोंडभर सूनही म्हटलं नाही तिला." मग तिने रुमाल झग्याच्या खिशात ठेवला आणि विचारलं, "खाल्लंय का तिने काही?"

"नाही."

"मग खणणाऱ्यांच्या वाटणीत एक वाटा वाढव. आणि तिहोमिरसाठी कोणाला तरी घोंगडी घेऊन पाठव."

दुपारी पेटी वर आली तेव्हा खड्डा तयार होता, कोपरे सरळ कापलेले. दगड बाजूला आडवा पडला होता. घरची माणसं उजवीकडे उभी राहिली, रुमेना, ब्रातिस्लाव, मी. खणणारे मातीच्या ढिगामागे. बिर्गिट त्यांच्यात उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. लोक एकेक करून येत होते, रुमेनाचा हात धरत होते, ब्रातिस्लावचा धरत होते, माझाही धरत होते. तिच्याकडे कोणी गेलं नाही. सांगितल्याप्रमाणे सगळं झालं, आणि सांगितलं मीच होतं, तरी ते बघवत नव्हतं.

निश शहरातून आलेली दोब्रोसावची पुतणी मोठ्या आवाजाची आहे. तिने रुमेनाला विचारलं, "काकू, ती फावडंवाली बाई कोण?"

सगळे ऐकत होते. रुमेनाने बिर्गिटकडे पाहिलं.

"शेजारीण," ती म्हणाली.

भाषेच्या शिकवणीत हा शब्द पहिल्या आठवड्यातच शिकवत असतील. बिर्गिटला तो कळला. तिने फावडं मातीत घातलं आणि पहिली माती खाली लोटली.

घरी परतल्यावर अंगणात खणणाऱ्यांचे हात धुवायचे असतात. घरची कर्ती बाई तांब्याने पाणी घालते आणि प्रत्येकाच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकते. रुमेनाने रांजेलचे हात धुतले, योर्दानचे धुतले. तिहोमिरला दोघांनी धरून आणलं होतं, त्याचे धुतले. मग बिर्गिट पुढे आली. तळव्यांवरची कातडी निघाली होती आणि मातीत रक्त मिसळून काळं झालं होतं. रुमेना पाणी घालू लागली.

"देव तुझं भलं करो, शेजारणी," ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता, फक्त 'शेजारणी' थोडं मोठ्याने.

"देव त्यांना क्षमा करो," बिर्गिट म्हणाली. गेलेल्या माणसासाठी हेच उत्तर द्यायचं असतं, आणि तिने ते बरोबर दिलं.

हात स्वच्छ झाले तरी रुमेनाचा तांब्या थांबला नाही. पाणी तळव्यांवरून मनगटावर, मनगटावरून मातीत वाहत होतं. शेवटी रांजेलने तिच्या कोपराला हात लावला आणि म्हणाला, "पुरे, रुमेना." तेव्हा तिने टॉवेल टाकला.

जेवणाला पहिली पंगत खणणाऱ्यांची. नाताळाआधीच्या उपासाचे दिवस होते, म्हणून घेवडा, कोबी आणि मासे. बिर्गिटला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं, तिथे जागा होती म्हणून. रुमेना स्वतः वाढत होती. बिर्गिट सवयीने नव्हे, नुसत्या संकोचाने उठू लागली की रांजेल तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. "बस. तू आमच्यातली आहेस." ती बसली. हातांना पट्ट्या बांधल्या होत्या, चमचा तिला नीट धरता येत नव्हता. रुमेनाने माशाचे काटे काढले आणि तुकडा तिच्या ताटात ठेवला.

अंधार पडायच्या आत लोक गेले. पाद्रीबाबा तर केव्हाच गेले होते. ब्रातिस्लाव पुतणीला गाडीपर्यंत पोचवायला गेला. घरात आम्ही तिघी उरलो आणि ताटांचा डोंगर. मी ताटं गोळा करत होते, रुमेना घासत होती. ऐंशीला टेकलेली बाई, सकाळपासून उभी, नवऱ्याला पुरून आलेली. तिच्या हातातून एक बशी निसटली आणि फुटली.

बिर्गिट खुर्चीतून अर्धी उठली. मग पुन्हा बसली, आणि पट्टी बांधलेले हात तिने मांडीवर ठेवून घट्ट दाबून धरले.

माझ्या तोंडावर आलं होतं, ऊठ गं, कोण बघतंय आता, घे एक फडकं. माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं असावं, कारण तिने नकारार्थी मान हलवली. तिचा या सगळ्यावर विश्वास होता असं मला वाटत नाही. रुमेनाचा होता, आणि तिला तेवढं पुरत होतं. दगडाला लागला त्याहून जास्त जोर तिला त्या खुर्चीत बसून राहायला लागत होता, आणि ते बघून मी तोंडावर आलेलं गिळलं आणि ताटं उचलायला लागले.

रुमेनाने बशीचे तुकडे वेचले, टोपलीत टाकले आणि पुन्हा पाण्यात हात घातले. आमच्याकडे पाठ करूनच ती बोलली.

"चाळीस दिवस बसून घे," ती म्हणाली. "नंतर या घरात तुला बसायला मिळायचं नाही."